एक दिवस जुना, एक दिवस नवा

घरमालकाच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी पप्पांच्या पाठीला तेल लावत होते. "मॅडम, चाळ पाडायला काढलीय. तुमच्या खोल्यांमध्ये काही राहिलं असेल तर उचला. जेसीबी काय विचारून येत नाही." मी म्हटलं, काय राहणार आहे कपाळ! खांदा कॉलनीत राहायला आलो तेव्हाच सगळं आणलं होतं. फोन ठेवला, हात पुसले आणि दुसऱ्या मिनिटाला चपला शोधायला लागले. माझं हे असंच. एका जागी बूड टेकत नाही. पप्पा म्हणतात, तू झोपेतसुद्धा उभीच असतेस.

जुन्या पनवेलात, इस्राइल तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत आमची चाळ होती. होती म्हणतेय, पण त्या दिवशी अजून उभी होती. कौलं काढून नेली होती, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात थेट ऊन उतरलं होतं. जन्मात कधी तिथे ऊन पाहिलं नव्हतं मी. रॉकेलच्या स्टोव्हची काजळी अजून भिंतीला होती. नाक लावून पाहिलं. मागून मजूर हसले असतील, हसू देत. वास काही आला नाही. गवती चहाचा आला, पण तो भिंतीतून नव्हे, माझ्याच डोक्यातून.

आणि बाहेरच्या खोलीत, दाराच्या वर, पाटी होती. ती आम्ही न्यायची विसरलो होतो की पप्पांनी मुद्दाम ठेवली होती, कोण जाणे. दगडी पाटी, लाकडी चौकटीची, चांगली हातभर रुंद. वर कोळिष्टकं, आत एकही अक्षर उरलेलं नाही. एका मजुराला वीस वेळा 'हळू रे बाबा, हळू' म्हणून ती उतरवून घेतली आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "काय ताई, शाळा काढताय?" मी म्हटलं, "शाळाच होती ती. मी नापास झालेय."

पप्पा शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचं अक्षर असं, की नुसतं 'दूध' लिहिलं तरी साय दिसावी. रोज सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते स्टुलावर चढायचे आणि पाटीवर पवित्र शास्त्रातलं एक वचन लिहायचे. खडू स्वतःच्या पैशाने आणलेला. शाळेतला खडू घरी आणायचा नाही, हा नियम. आणि आमच्यासाठी नियम हा, की पाटीवरचं वचन पाठ म्हटल्याशिवाय चहा नाही. पाहुणा आला तरी नाही. एकदा खुद्द पाळकसाहेब आले होते, त्यांनासुद्धा दोनदा अडखळून मगच कप मिळाला. जाताना ते आईला म्हणाले, "बाई, तुमच्याकडचा चहा स्वर्गाइतका अवघड आहे."

आईला सूट होती. सूट म्हणजे तिने ती स्वतःच काढली होती. सबंध शास्त्रातलं सगळ्यात छोटं वचन तिने कायमचं धरून ठेवलं होतं. पाटीवर काहीही असो, ती पदराला हात पुसत यायची, 'येशू रडला' एवढं म्हणायची आणि कप उचलायची. पप्पा म्हणायचे, "हे चालत नाही." आई म्हणायची, "मग उद्यापासून स्टोव्ह तुम्ही पेटवा." की चाललंच.

पप्पांची पद्धत ठरलेली होती. एक दिवस जुन्या करारातलं वचन, एक दिवस नव्या करारातलं. तराजूची दोन पारडी असावीत तसं. कधी चुकायचे नाहीत. आम्ही झोपेतून उठता उठता ओरडून विचारायचो, "पप्पा, आज जुना की नवा?" जुना असला की गडगडाट, पर्वत, शेळ्यामेंढ्या. नवा असला की लांबलचक वाक्यं, श्वास पुरायचा नाही. मला नवा नकोसा वाटे. माझी मोठी बहीण रूथताई मात्र दोन्ही एका दमात म्हणायची, एका पायावर उडी मारत. पप्पा म्हणायचे, "वचन म्हणताना नाचू नये." ती दुसऱ्या पायावर उडी मारायची.

रविवार म्हणजे तिला जीव नकोसा व्हायचा. रविवारी सिनेमाचं गाणं नाही, पत्ते नाहीत, शिवणटिपण नाही, तळ्यावर फिरायला नाही. देवळातून आल्यावर (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) दुपारभर नुसतं बसायचं. बाहेर उरणकडून येणारा खारट वारा, कुणाच्या तरी घरातून सुक्या बोंबलाचा खमंग वास, आणि आत आम्ही दोघी मांडीवर हात ठेवून. ताईचे तळवे फरशीवर ताल धरायचे. पप्पांनी बघितलं की थांबायचे. नजर वळली की पुन्हा.

शेजारच्या सारामावशींचं सगळं उलटं. त्या बेने इस्राइल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांचे वाडवडील पिढ्यानपिढ्या घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आता घाणा नव्हता, पण शनिवार होता. शनिवारी त्या काडी ओढायच्या नाहीत. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत नारळाच्या दुधातलं माशांचं कालवण करून झाकून ठेवायच्या, पेल्यात पाणी आणि वर तेल घालून वात लावायच्या, नवी साडी नेसायच्या आणि खाटेवर ऐसपैस बसायच्या. "शनिवारी मी महाराणी गं," त्या म्हणायच्या, "आणि ते माझ्याच नियमाने. काम करायला सांगून बघ कोण सांगतो ते!" रूथताई तिथेच पडून असायची. एकदा तिने घरी येऊन पप्पांना सरळ विचारलं, "पप्पा, त्यांचा नियम त्यांना आराम देतो, आपला नियम आपली पाठ का दुखवतो?" आईने पटकन तिच्या हातात लसूण दिला सोलायला.

नवरात्र उलटलं, भात पिवळं पडायला लागलं की एक दिवस यायचा. त्यांच्या सिनेगॉगमध्ये (सारामावशी त्याला मशीदच म्हणायच्या, त्यांच्यात जुनी माणसं तशीच म्हणतात) नियमशास्त्राच्या आनंदाचा सण. वर्षभर थोडं थोडं वाचत आलेलं शास्त्र त्या दिवशी संपायचं. मखमलीत गुंडाळलेल्या गुंडाळ्या बाहेर यायच्या, त्यांना चांदीची घुंगरं, आणि म्हातारे, तरणे, टक्कलवाले, पोटवाले सगळे पुरुष त्या छातीशी धरून गोल गोल नाचायचे. बायका टाळ्या वाजवायच्या. पोरांना बदाम, खडीसाखर. कापसाच्या वातीचा, अत्तराचा आणि घामाचा वास. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भीतीच वाटली. नियमाला असं कडेवर घेतात?

सारामावशींना मी विचारलं होतं, "संपलं ना वाचून? मग आता काय?"

"संपलं कुठे?" त्या म्हणाल्या. "शेवटचं पान झालं की त्याच पावली पहिलं उघडायचं. संपवून टाकायचंच नाही, असं आहे ते."

त्या वर्षी रूथताई कॉलेजात जाणारी. टाळ्या वाजवता वाजवता कधी अंगणात उतरली, आमचं लक्ष नाही. वेणी सुटलेली, ओढणी कमरेला, ती एकटीच गोल फिरत होती. कुणी तिला अडवलं नाही. मला फाटकाशी पप्पा दिसले. पांढरा सदरा, हातात छत्री. मी म्हटलं, मेलो आता. पण पप्पा नुसते उभे. मी खाली बघितलं, तर त्यांची उजवी चप्पल हलत होती. टप, टप, टप. त्यांना स्वतःला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मग ते वळले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी जुन्याची पाळी होती. पप्पांनी पाटीवर लिहिलं ते स्तोत्रांच्या अगदी सुरुवातीचं: परमेश्वराच्या नियमशास्त्रात ज्याला आनंद वाटतो तो माणूस धन्य, तो पाण्याकाठच्या झाडासारखा. ताईने ते इतकं गोड म्हटलं की पप्पांनी तिला स्वतःच्या हाताने चहा दिला. आणि त्याच्या पुढच्या दिवशी नवा. पप्पांची पद्धत, पारडं चुकायचं नाही. त्यांनी क्रमाने जे येत होतं ते लिहिलं. प्रेषिताच्या पत्रातलं: नियमशास्त्रावर भिस्त ठेवणारे सगळे शापाखाली आहेत.

ताई पाटीसमोर उभी राहिली. उडी मारली नाही. म्हणाली, "पप्पा, काल धन्य आणि आज शाप?"

पप्पा म्हणाले, "म्हण."

"म्हणते. पण दोन्ही कसं खरं? काल मी झाड होते. आज काय झालं?"

चहावर साय धरली. आई दारात आली. पप्पा वर्गात कुणी अडवलं तर खडूने फळ्यावर टकटक करायचे, तसं हवेतच बोटाने केलं. मग म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी पाटीच्या मधोमध उभी रेघ होती. डावीकडे परवाचं धन्य, उजवीकडे कालचा शाप. उत्तर नव्हतं. "उद्या सांगतो." त्यानंतर पप्पांनी पाटी पुसलीच नाही. आम्ही रोज दोन्ही वचनं म्हणायचो आणि गार चहा प्यायचो. ताई विचारायची, पप्पा म्हणायचे उद्या. हळूहळू ताईने विचारायचं सोडलं. त्या गप्प चहाच्या सकाळी अजून माझ्या अंगावर येतात.

मग ती गेली. का गेली, कोणत्या दुपारी गेली, कोण काय बोललं, ते मी लिहीत नाही. जासईच्या आगरी घरातल्या जनार्दन म्हणून माणसाशी तिने लग्न केलं आणि दोघं कळंबोलीला राहायला गेले, लोखंड बाजारात भावजींचे ट्रक होते म्हणून. खांदा कॉलनीपासून कळंबोली किती लांब? रिक्षात बसून एक फोन केला की आलंच. पण पप्पा तिच्या दारात गेले नाहीत, ती पप्पांच्या दारात आली नाही. आईला मातीत ठेवलं तेव्हा कबरस्तानाच्या भिंतीशी उभी होती. मूठभर माती टाकली आणि गेली. मी तिला मंडईत भेटते, तिच्या घरी जाते, तिच्या हातचे तांदळाचे घावन खाते, आणि घरी येऊन पप्पांना सांगते की ट्रॅफिक होतं. सारामावशी केव्हाच इस्राइलला गेल्या. ज्या गल्लीत नियम नाचायचा तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत.

तर ती पाटी मी घरी आणली, धुतली, आणि पप्पांच्या पलंगासमोर भिंतीला टेकवली. पप्पांचा श्वास आता तोकडा पडतो. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा, आणि त्यांच्या मनात काही असेल तर होऊ द्या. पप्पांनी पाटीकडे पाहिलं. नव्या विमानतळाकडचं एक विमान डोक्यावरून गेलं, खिडकी थरथरली, तरी बघतच होते.

"रूथला बोलाव," म्हणाले. "तिचं उत्तर माझ्याकडे राहिलंय. ते न देता मी गेलो तर मला चैन पडणार नाही."

मेल्यावर कसलं चैन, असं माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं.

मी फोन केला. ताई म्हणाली, "बघते." बघते म्हणजे काय? दिवसातून किती वेळा मी गॅलरीत जात होते त्याला सुमार नाही. खाली रिक्षा थांबली की गॅस बारीक करायचा, गॅलरी, कुणी नाही, परत गॅस. आणि आत पप्पा माझ्यावर उत्तराची तालीम करत होते. सकाळी म्हणायचे, "सुटलेल्या माणसाला नियम गोड लागतो, बांधलेल्याला शाप. सोपं आहे." दुपारी जेवताना घास हातात धरून, "नाही गं. स्तोत्र लिहिणारा कुठे सुटला होता? तोही तर धडपडतच होता." संध्याकाळी तिसरंच. "अगं, तो प्रेषित बघ! म्हणतो, माझ्या आतल्या माणसाला देवाच्या नियमाचा आनंद होतो. आणि त्याच दमात म्हणतो, माझ्यासारखा दुर्दैवी मीच! त्याच दमात! जुना-नवा नाहीच तिथे. एकच माणूस आहे. मग मी मधे रेघ कशाला मारली?" धाप लागायची. मी म्हणायचे, पप्पा, पुरे. ते म्हणायचे, पुरे कसं, ती आली आणि अर्धवट निघालं तर? पंच्याऐंशीच्या पुढचा माणूस, परीक्षेच्या पोरासारखा घाबरला होता. मला रडू यायचं आणि रागही. उत्तर कसलं देताय, तिला नुसतं 'ये' म्हणा ना! पण पप्पांना 'ये' म्हणता येत नाही. त्यांना वचनच म्हणता येतं.

त्यांनी माझ्याकडून पाटीवर दोन्ही वचनं लिहवून घेतली, मधली रेघ न मारता. माझं अक्षर बघून तोंड वाकडं केलं.

आणि ती आली. सकाळच्या चहालाच आली. मागे भावजी, हातात शहाळी. ताई दारात थांबली, चपला काढायला इतका वेळ लावला की भावजींनीच तिला कोपराने ढोसलं. पप्पांनी मान वळवली. मी आपली कपांचा खडखडाट करत राहिले, दुसरं काय सुचणार?

"केस पांढरे केलेस," पप्पा म्हणाले.

"तुम्ही विचारत नव्हतात, म्हणून झाले," ताई म्हणाली. बसली.

मी चहा दिला. भावजींनी फुर्रकन पहिला घोट घेतला. ताईने कप घेतला आणि मांडीवर ठेवला. वाफ तिच्या बोटांवरून जात होती. पप्पांनी ते पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्याला काय झालं ते मला सांगता यायचं नाही.

"घे गं," ते म्हणाले. "आज वचनाबिचनाची गरज नाही. सूट आहे."

"मला नको सूट."

"अगं, मी सांगतोय ना. मीच नियम केला, मीच मोडतो. पी. निवेल."

भावजी मिशी पुसत म्हणाले, "नाय पप्पा, ती नाय प्यायची. आमचे घरी पन नाय पीत. लगीन झाल्यापासून बघतंय मी. च्या ओतला का गप उभी राते, त्वांडात काय तरी बोलते, मंगच पिते. दोन बोलते. एक बोलते तवा हसते. दुसरी बोलते तवा नाय हसत. पन दोनी बोलते. मी इचारला का सांगत नाय. आमी आपली थांबतो."

ताई म्हणाली, "तुम्ही गप बसा हो." आणि मग पाटीकडे न बघता तिने म्हटलं. झाडाचं वचन, पाणी, पान न कोमेजणं, सगळं. तिच्या तोंडावर तेच सोळा-सतराव्या वर्षीचं हसू आलं. मग दुसरं. शापाचं, शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. भावजी खरं बोलत होते, तेव्हा ती हसली नाही. इतकी वर्षं कळंबोलीच्या त्या घरात, ट्रकांच्या हॉर्नमध्ये, गणपतीच्या देव्हाऱ्याशेजारी उभी राहून ही बाई पप्पांची पाटी म्हणत होती.

"आता तुमचं," ताई म्हणाली. "पप्पा, तुमचाही चहा आहे. वचन?"

पप्पांनी तोंड उघडलं. ज्या माणसाला अख्खी पत्रं पाठ, त्याला एक शब्द आठवेना. समोर पाटी होती, पण डोळे भरलेल्या माणसाला पाटी कशी दिसणार? ओठ हलले. शेवटी म्हणाले, "येशू रडला."

"हे आईचं आहे," ताई म्हणाली. "हे चालत नाही."

"आज चालतं," पप्पा म्हणाले. तिने उठून त्यांच्या ओठांना कप लावला. दोघांनी एकाच कपातला गार चहा प्यायला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला.

निघताना चपला घालता घालता ताईने आत वळून विचारलं, "पप्पा, उत्तर राहिलं की."

पप्पा उशीला टेकले होते, डोळे मिटलेले. म्हणाले, "उद्या सांगतो."

ती दारात उभी राहिली. किती वर्षांपूर्वी ऐकलेले ते दोन शब्द. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार आणि सगळं विस्कटणार. ती म्हणाली, "बरं. उद्या येते."

तेव्हापासून रोज येते. रोज वचन, रोज चहा, रोज दारातून तोच प्रश्न आणि तेच उत्तर. भावजी म्हणतात, यांचा कायमचा खटला हाय. मी अजून गॅलरीत फेऱ्या मारतेच. पप्पांचा श्वास रात्रीपेक्षा सकाळी बरा असतो, पण सकाळ होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. पाटीवरची अक्षरं पुसट झाली आहेत. मी पुसायला गेले तर ओरडतात.

काल संध्याकाळी त्यांचे पाय चेपत होते. चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा हलत होता, टप, टप. मी विचारलं, "काय पप्पा, खुशीत?"

"उत्तर सापडलं गं," ते म्हणाले. "पूर्ण. कुठे अडत नाही."

मी उठून उभीच राहिले. "मग उद्या तिला सांगून टाका ना एकदाचं!"

"वेडी आहेस का?" पप्पा म्हणाले. "मग परवा ती कशाला येईल?"